हात बसायला जागा हवी

गेल्या पावसाळ्यातली संध्याकाळ. चढाचा, वळणावळणांचा रस्ता, समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे, शेजारी बाबा. पावसाचा जोर एकदम वाढला आणि बघता बघता समोरची काच आतून धूसर व्हायला लागली. आधी खालचे कोपरे, मग मधला भाग, मग थेट नजरेसमोरचा तुकडा. खरं तर यात घाबरण्यासारखं काही नसतं. एसी लावायचा, हवेचा झोत काचेवर सोडायचा, थोड्या वेळात काच निवळते. आमच्या जुन्या गाडीत त्यासाठी एक गोल खटका होता. तो शेवटपर्यंत फिरवला की 'टक' असा आवाज व्हायचा आणि झोत काचेवर यायचा. तो खटका दिसायला कसा होता, हे मला आज नीट सांगता येणार नाही. मी त्याच्याकडे कधी बघितलंच नाही. हाताला तो माहीत होता.

नवी गाडी येऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. हात सवयीने पुढे गेला आणि सपाट काचेला लागला. बोटाखाली कुठलासा चौकोन दबला आणि गाण्यांची यादी उघडली. मी खाली बघितलं, यादी बंद केली, पंख्याचं चित्र शोधलं, त्यावर बोट टेकवलं. आणखी एक पान उघडलं. त्यावर बसलेल्या माणसाची आकृती, एक बाण तिच्या तोंडाकडे, एक पायांकडे. काचेकडचा बाण कुठे?

"पुढे बघ," बाबा म्हणाले. आवाज चढवून नाही, नेहमीसारखंच.

वर बघितलं तेव्हा गाडी वळणावर मधली रेघ ओलांडून पलीकडच्या बाजूला गेली होती. समोरून कोणी येत नव्हतं, एवढंच. मी गाडी परत आत घेतली. बाबांनी खिशातून रुमाल काढला, पुढे वाकले आणि माझ्यासमोरची काच पुसायला लागले. गाडी बाजूला घ्यायला जागा मिळेपर्यंत ते पुसत राहिले. दोघंही काही बोललो नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वीस-बावीस वर्षं गाडी चालवते आहे. इतक्या वर्षांत काच कधी धूसर झाली नव्हती असं नाही. पण काच धूसर झाली म्हणून रस्त्यावरून नजर काढावी लागली, असं पहिल्यांदाच घडलं होतं. आणि ती काढायला लावणारी वस्तू मी आवडीने, हौसेने घेतलेली होती.

आपल्या भाषेत एक फार नेमका शब्दप्रयोग आहे, हात बसणे. शिवणयंत्रावर हात बसतो, टाइपरायटरवर बसतो, तबल्यावर बसतो, अक्षरावर बसतो. बाबा मला गाडी शिकवत होते तेव्हा पहिले चार दिवस त्यांनी इंजिन चालूच करू दिलं नव्हतं. उभ्या गाडीत बसवायचे आणि डोळे मिटायला सांगायचे. वायपर लाव. दिवे लाव. दिवे खाली कर. काचेवर पाणी मार. इंडिकेटर. चुकलं की "परत". मला तेव्हा त्याचा कंटाळा यायचा, कधी एकदा गाडी रस्त्यावर काढते असं व्हायचं. त्यांचं म्हणणं साधं होतं: डोळे रस्त्याला दिलेत, ते परत मागायचे नाहीत. बाकीचं सगळं हातापायांनी करायचं.

हात बसणं म्हणजे नुसती सवय होणं नव्हे. आधी लक्ष देऊन करावं लागणारं काम पुढे लक्षाशिवाय व्हायला लागतं, आणि वाचलेलं लक्ष दुसरीकडे वापरता येतं. नवशिक्याला गिअर टाकताना रस्ता दिसत नाही, मुरलेल्याला गिअर टाकल्याचंच लक्षात राहत नाही. पण हाताला बसायचं तर बसायला जागा लागते. खटक्याला कड असते, खाच असते, फिरवताना लागणारा अडसर असतो. तबल्याची शाई बोटाला वेगळी लागते, किनार वेगळी लागते, म्हणून तबलजीला खाली बघावं लागत नाही. स्क्रीनची काच सगळीकडे सारखीच. तिच्यावर कितीही वर्षं काढली तरी बोटाला तिथे काय आहे हे कळणार नाही, ते डोळ्यांनाच विचारावं लागणार.

आणि डोळ्यांनी किती वेळ उसना द्यायचा? ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, १०० च्या वेगात जवळजवळ २८. अमेरिकेच्या रस्ते-वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये गाड्या बनवणाऱ्यांसाठी काही सूचना काढल्या होत्या. डॅशबोर्डवरचं कुठलंही काम करताना एका वेळी नजर २ सेकंदांपेक्षा जास्त रस्त्यावरून हलू नये आणि सगळं काम मिळून १२ सेकंदांच्या वर जाऊ नये, असं त्यात आहे. सूचनाच त्या, सक्ती नाही. शिवाय १०० च्या वेगात २ सेकंद म्हणजे ५५ मीटर. तेवढ्या रस्त्यात एक मूल सहज मावतं.

याची मोजणीही कोणीतरी केली आहे. स्वीडनमधल्या 'वी बिलेगारे' या मोटार नियतकालिकाने २०२२ मध्ये अकरा नव्या गाड्या आणि २००५ सालची एक जुनी व्होल्वो व्ही-७० धावपट्टीवर नेली. ताशी ११० किलोमीटरचा वेग धरायचा आणि तो धरून चार कामं करायची. सीट गरम करणं, तापमान दोन अंशांनी वाढवणं आणि काचेवर झोत सोडणं हे एक. ठरावीक रेडिओ केंद्र लावणं, प्रवासाचं मीटर शून्यावर आणणं, डॅशबोर्डचे दिवे मंद करणं ही बाकीची. चालकांना आधी गाडीशी ओळख करून घ्यायला वेळ दिला होता. बटणांच्या जुन्या व्होल्वोत चारही कामं १० सेकंदांत झाली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे पडलेल्या नव्या गाडीत ४४.९ सेकंद लागले आणि गाडी १,३७२ मीटर, म्हणजे सव्वा किलोमीटरहून अधिक पुढे गेली. मी हे वाचलं तेव्हा माझं ते वळण डोळ्यांसमोर उभं राहिलं. मी बावळट म्हणून तसं झालं नव्हतं, हे त्या आकड्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं.

स्क्रीन गाडीत आली कशी, तेही शोधलं. मला वाटत होतं की ही मोबाइलनंतरची गोष्ट असेल. तसं नाही. १९८६ च्या ब्यूइक रिव्हिएरा या गाडीत बोटाने चालवायची स्क्रीन होती, जुन्या टीव्हीसारख्या काचेच्या नळीची, हिरव्या अक्षरांची. रेडिओ, हवा, सगळं तिच्यावर. लोकांना ती रुचली नाही. साध्यासाध्या गोष्टींसाठी नजर खाली न्यावी लागते ही तेव्हाचीही तक्रार होती, आणि काही वर्षांतच कंपनीने ती काढून टाकली. पुढे मोबाइलने सगळ्यांच्या बोटांना काचेची सवय लावली. रिव्हर्स कॅमेरा आला, अमेरिकेत मे २०१८ पासून तो प्रत्येक नव्या गाडीत सक्तीचा झाला, आणि कॅमेऱ्याचं चित्र दाखवायला कुठेतरी स्क्रीन लागणारच. मग ती आहेच तर बाकीचं सगळंही तिच्यावरच टाकलं की प्रत्येक बटणाचा साचा, वायर, जोडणी, तपासणी वाचते. हिशोब मला समजतो. फक्त त्या हिशोबात माझ्या डोळ्यांचा वेळ कुणीच धरलेला नाही.

बोलून सांगायची सोय आहे म्हणतात. आहे. मुसळधार पावसात छतावर ताशा वाजत असताना ती कशी चालते, ते मी अनुभवलं आहे.

एवढं लिहिल्यावर मी नव्या तंत्राच्या विरोधात आहे असं वाटेल. तसं अजिबात नाही. ज्या यंत्रांचे माझ्यावर उपकार आहेत, त्यांच्याबद्दल तितक्याच मोकळेपणाने लिहायला हवं.

बाबांनी मला शिकवलेली एक गोष्ट मला विसरावी लागली. निसरड्या रस्त्यावर ब्रेक एकदम दाबून धरायचा नाही, दाबायचा-सोडायचा, दाबायचा-सोडायचा. नाहीतर चाकं जाम होतात, गाडी घसरते आणि स्टिअरिंग फिरवूनही वळत नाही. त्यांच्या पिढीतल्या प्रत्येक चांगल्या चालकाच्या पायात हे मुरलेलं असायचं. १९७८ मध्ये बॉशने बनवलेली इलेक्ट्रॉनिक एबीएस यंत्रणा मर्सिडीजच्या गाडीत आली. प्रत्येक चाकाशी एक सेन्सर. चाक जाम व्हायला लागलं की त्याचा ब्रेक सुटतो, फिरायला लागलं की परत लागतो, सेकंदाला कितीतरी वेळा. कुठल्याही पायाला जमणार नाही इतक्या वेगाने. आता उलटा धडा गिरवायचा: ब्रेक पूर्ण दाबायचा आणि दाबूनच धरायचा, पायाखाली तो थडथडला तरी सोडायचा नाही. बाबांना मी हे समजावलं तेव्हा त्यांनी रिकाम्या मैदानात पाणी टाकून दहा वेळा करून बघितलं. पहिल्या पाच वेळा तो थडथडाट जाणवला की त्यांचा पाय आपोआप उचलला जात होता. सहाव्यांदा राहिला. पायही नव्याने बसतो, साठीनंतरही. फक्त त्याला खाली काहीतरी जाणवावं लागतं.

त्याहून थोर मला ईएससी वाटते, गाडी तोल सोडायला लागली की सावरणारी यंत्रणा. ती १९९५ च्या सुमाराला आली. स्टिअरिंग कुठल्या दिशेला वळवलं आहे हे एक सेन्सर बघतो, गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे हे दुसरा. दोघांचं जुळेनासं झालं की यंत्रणा चारांपैकी नेमक्या एका चाकाला ब्रेक लावून गाडी रेषेवर आणते. माणसाच्या पायाखाली ब्रेक एकच, तो चारही चाकांना लागतो. म्हणजे हे काम जगातल्या सर्वांत निष्णात चालकालाही करता आलं नसतं. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये, रस्त्यावर अचानक मूस, म्हणजे तिकडचं अवाढव्य हरीण, आडवं आलं तर गाडी कशी हुकवते याची चाचणी घेताना मर्सिडीजची नवी छोटी ए-क्लास उलटली. त्यानंतर कंपनीने विक्री थांबवली आणि ही यंत्रणा प्रत्येक ए-क्लासमध्ये बसवली. तोवर ती महागड्या गाड्यांचा दागिना होती. एका नामुष्कीमुळे ती छोट्या गाडीपर्यंत उतरली, आणि तिथून सगळीकडे. एकट्या गाडीच्या जीवघेण्या अपघातांचा धोका तिच्यामुळे जवळजवळ निम्म्यावर येतो, असं अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या अभ्यासात दिसलं आहे. यातली कुठलीच यंत्रणा माझ्याकडे काही मागत नाही. तिचं चित्र नाही, पान नाही, आवाज नाही. एखाद्या वळणावर मीटरमध्ये छोटा पिवळा दिवा दोनदा लुकलुकतो, तेवढीच तिची खूण.

स्वतः ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेचं ऋण तर मला नावानिशी फेडता येणार नाही. रस्त्याकडेला ओळीने उभ्या गाड्या, मी हळूच चालले होते. दोन गाड्यांमधून एक मुलगा सायकलवरून थेट समोर आला. मला आठवतं ते असं: तो दिसला, आणि माझा पाय उचलला जात असतानाच पट्टा छातीत रुतला आणि गाडी थांबलेली होती. मुलाने माझ्याकडे बघितलं, सायकल सावरली आणि निघून गेला. मी मात्र बराच वेळ तशीच बसून होते. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आले. बंपरच्या मागे रडार, काचेच्या वरच्या बाजूला आरशामागे कॅमेरा, दोघांनी मिळून माझ्यापेक्षा अर्धा-पाऊण सेकंद आधी ओळखलं. त्या अर्ध्या-पाऊण सेकंदाची किंमत मी आयुष्यभर विसरणार नाही. हीच यंत्रणा एकदा मोकळ्या रस्त्यावर एका पुलाच्या सावलीला बिचकून करकचून थांबली होती, मागे कुणी नव्हतं म्हणून निभावलं. तेही खरं आहे. पण सायकलवरचा तो मुलगा माझ्या तागडीत फार जड आहे.

त्याहून वेगळं प्रकरण आहे ते मधल्या पट्ट्यात धरून ठेवणाऱ्या मदतीचं, आणि तिथे माझं मन अजून अस्वस्थ आहे.

क्रूझ कंट्रोल ज्याने शोधला तो माणूस आंधळा होता. राल्फ टीटर, अमेरिकेतला अभियंता, पाचव्या वर्षी अपघातात दृष्टी गेलेली. त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की वेग कमी करायचा, ऐकायला लागला की वाढवायचा. शेजारी बसलेल्या टीटरला त्या धक्क्यांनी इतका वैताग आला की त्याने वेग एकसारखा ठेवणारं यंत्र करायला घेतलं. १९५० मध्ये पेटंट मिळालं, १९५८ च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये ते विकायला आलं. मला या गोष्टीत जे आवडतं ते वेगळंच. त्याच्या मूळ कल्पनेत वेग वाढायला लागला की ॲक्सिलरेटरचं पेडल पायाला उलट दाबायचं. बघायची गरज नाही. पायालाच कळणार. आयुष्यभर बोटांनी जग वाचलेल्या माणसाला गाडीने चालकाशी कसं बोलावं हे बरोबर सुचलं होतं.

आजच्या गाडीतला त्याचा वंशज पुढच्या गाडीपासून अंतर राखतो, पांढऱ्या रेघा ओळखतो, स्टिअरिंगही धरतो. शून्य ते पाच अशा ज्या पातळ्या अमेरिकेतल्या वाहन-अभियंत्यांच्या संघटनेने २०१४ मध्ये ठरवल्या, त्यातली ही दोन क्रमांकाची. या पातळीवर गाडी वेगही सांभाळते, दिशाही सांभाळते, पण जबाबदारी पूर्णपणे माणसाची. म्हणजे काही करायचं नाही, पण क्षणभरही ढळायचं नाही. लांबच्या सरळ रस्त्यावर मी हे वापरून बघितलं. पहिल्या दिवशी मी डोळ्यांत तेल घालून बसले होते. चौथ्या प्रवासात माझ्या लक्षात आलं की गेल्या काही मिनिटांतला रस्ता मला आठवतच नाही. पाटी नाही, पूल नाही, ओव्हरटेक करून गेलेली गाडी नाही. आणि त्याच वेळी रेघा पुसट झाल्या, डॅशबोर्डवर लाल खूण आली, कर्कश आवाज झाला आणि यंत्रणेने हात सोडले. गाडी माझ्या ताब्यात आली ती वळण सुरू होतानाच, आणि माझे हात मात्र कोरे.

लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच हे ओळखून ठेवलं आहे. त्यांच्यासमोर गाड्या नव्हत्या, कारखान्यातली यंत्रं होती. त्यांचं सांगणं असं की सोपं काम यंत्राला दिलं की माणसाकडे उरतं ते फक्त अवघड काम, आणि तेही सराव सुटलेल्या हातांनी करायचं. शिवाय काहीच घडत नसताना पहारा देत बसणं माणसाला फार वेळ जमत नाही. बसलेला हात न वापरता ठेवला की उठतो, हे तबला शिकवणारे गुरुजी कधीपासून सांगत आले आहेत. सहा महिने रियाज सुटला की बोटं अनोळखी होतात. रस्त्यावर मात्र ती अनोळखी झाल्याचं नेमकं नको त्या क्षणी कळतं.

याच मदतीची आणखी एक गोष्ट खुपते. सायकलवाल्याला जागा द्यायला मी थोडी बाहेर गेले की स्टिअरिंग हातात घट्ट होतं आणि मला परत त्याच्याकडे ढकलतं. रेघ ओलांडताना इंडिकेटर दिला नाही म्हणून. यंत्राला रेघ दिसते, मला माणूस दिसतो. जोर फार नसतो, सहज मोडून काढता येतो. पण माझ्याच हातातलं चाक मला विरोध करतं ही भावना काही केल्या अंगवळणी पडत नाही.

इशाऱ्यांच्या आवाजांबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण ते सगळ्यांनाच ठाऊक आहेत. युरोपीय संघात ७ जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत वेगमर्यादेची जाणीव देणारी यंत्रणा सक्तीची आहे. ती बंद करता येते, पण गाडी परत सुरू केली की तीही परत सुरू. हेतू उत्तम. पण शेजारच्या छोट्या रस्त्याची पाटी वाचून ती महामार्गावर टुणटुण करायला लागली की दोन-चार दिवसांत माणूस ऐकेनासा होतो. लांडगा आला रे आला. मग खरा लांडगा येतो तेव्हाचा आवाजही त्यातच बुडतो. म्युनिकमध्ये १९८० च्या दशकात टॅक्सींवर एक प्रयोग झाला होता, काहींना एबीएस, काहींना नाही. एबीएसवाल्या टॅक्सींचे अपघात कमी झाले नाहीत. चालक जास्त आक्रमक झाले होते, उशिरा आणि जोरात ब्रेक मारत होते. माणूस असाच आहे, मिळालेला आधार तो कुठेतरी खर्च करून टाकतो. यंत्र करणाऱ्याने हे गृहीत धरलं पाहिजे.

आणि तरी मी ही गाडी विकायचा विचार केला तेव्हा "नको" म्हणाले ते बाबाच.

बाबांची मान गेली चार वर्षं वळत नाही. मणक्यांची झीज. जुन्या गाडीच्या शेवटच्या दिवसांत ते मागे घेताना आधी खाली उतरायचे, गाडीच्या मागे जाऊन बघायचे, परत आत बसायचे, थोडी घ्यायचे, परत उतरायचे. नंतर त्यांनी किल्लीच मागायचं सोडलं. कुठे जायचं असलं की "तुला वेळ असेल तर" म्हणायचे. ज्या माणसाने मला गाडी शिकवली त्याच्या तोंडी हे ऐकायला मला जड जायचं. नव्या गाडीत रिव्हर्स टाकला की मागचं सगळं समोर दिसतं, बाजूने कोणी येत असेल तर आरशाच्या कडेला नारिंगी दिवा लागतो. महिन्याभरात बाबा किल्ली घेऊन एकटे बाहेर पडायला लागले. पहिल्या दिवशी परत आले तेव्हा काही बोलले नाहीत, पण किल्ली खुंटीवर न टांगता शर्टाच्या खिशातच ठेवली.

"अगं, आरसा आला तेव्हाही कुणीतरी कुरकुरलं असेल," ते म्हणाले. "कॅमेरा चांगला. तो मला गाडी मागे घेतानाच दिसतो, गाडी पुढे जाताना नाही. ते हवेचं तेवढं वाईट केलंय त्यांनी."

एवढ्या साध्या वाक्यात त्यांनी वाटणी करून टाकली होती. स्क्रीन कधी बघायची आणि कधी नाही. गाडी रांगत असताना चित्र बघणं वेगळं, वळणावर पान चाळणं वेगळं.

वाटणी हळूहळू इतरांनाही पटायला लागली आहे. २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकेची 'जॉन एस. मकेन' ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजाला धडकली, १० खलाशी गेले. सुकाणू आणि इंजिनाचा ताबा स्क्रीनवर होता, कुठल्या खुर्चीकडे कशाचा ताबा आहे याचाच गोंधळ झाला. २०१९ मध्ये नौदलाने अशा जहाजांवर हाताने धरायचे दांडे परत बसवायचं ठरवलं. फोक्सवॅगनने स्टिअरिंगवरची स्पर्शाची पट्टी सोडून दाबायची बटणं परत आणली. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासूनच्या नियमांत इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे आणि आणीबाणीची हाक यांना खरी बटणं वा दांडे असतील तरच पूर्ण गुण ठेवले आहेत. काचेवरचा झोत त्या यादीत नाही. मी यादी दोनदा वाचली.

त्या पावसानंतरच्या रविवारी बाबांनी मला गाडीत बोलावलं. इंजिन बंद, फक्त स्क्रीन चालू. ते चालकाच्या जागी बसले होते आणि डोळे मिटलेले होते. हात पुढे करून काचेवर फिरवत होते. "परत," स्वतःशीच म्हणाले. मग डोळे उघडून त्यांनी खालच्या पट्टीत काचेवरच्या झोताचं चित्र कुठे येतं ते बघितलं, खिशातून एक छोटा, फुगीर रबरी ठिपका काढला, खुर्चीच्या पायांखाली लावतात तसला, आणि चित्राच्या बरोबर खाली, स्क्रीनच्या काळ्या चौकटीवर चिकटवला. परत डोळे मिटले. बोट चौकटीवरून सरकत ठिपक्याला अडलं, तिथून नखभर वर गेलं आणि टेकलं. पंखा घोंघावला.

"बस इथे," म्हणाले, आणि आम्ही जागा बदलली. मी डोळे मिटले. वीस वेळा तरी करून घेतलं त्यांनी. त्यानंतरच्या प्रत्येक पावसात माझी नजर वर राहिली आहे.

गेल्या महिन्यात रात्री गाडीने आपणहून सॉफ्टवेअरचा अपडेट घेतला. सकाळी स्क्रीनची खालची पट्टी नवी होती, रंग छान होते, चित्रं सुबक होती. ठिपक्याच्या वर आता फोनची खूण आली होती. झोताचं चित्र चार बोटं उजवीकडे गेलं होतं. मी सर्व्हिस सेंटरला विचारलं, जुनी मांडणी परत मिळेल का. नाही मिळणार म्हणाले.

संध्याकाळी खाली गेले तर बाबा गाडीत होते. त्यांनी नखाने ठिपका अलगद सोडवला, चौकटीवरचा चिकटपणा ओल्या फडक्याने पुसला आणि नव्या जागी दाबून धरला. बराच वेळ दाबून धरला, गोंद बसेपर्यंत. मग सरकून शेजारच्या सीटवर गेले आणि मला म्हणाले, "ये. डोळे मीट."